जखमेवरचे पान : मलमपट्टीच्या इतिहासातील काही प्रकरणे



इतिहासावर बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाकडून लोकांची अपेक्षा असते ती राज्यांची, तहांची आणि लढायांची. लढाईत किती माणसे पडली याचा आकडा बखरीत सापडतो. परंतु जी पडली आणि पुन्हा उठली, त्यांच्या जखमांवर कोणी काय बांधले होते, हे सहसा कोठे लिहिलेले नसते. आज आम्ही बोलणार आहोत ते या बांधण्याविषयी. झाडाची साल, पान, कापूस, शेवाळ, हळद अशा वनस्पतिज वस्तू माणसाने जखमेवर कशा घातल्या, त्यांतल्या कोणत्या टिकल्या, कोणत्या मागे पडल्या, आणि कोणत्या आज नव्याने प्रयोगशाळेत दाखल झाल्या आहेत, एवढीच आमच्या व्याख्यानाची मर्यादा आहे.

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. आमचा अधिकार एकच, की या विषयाकडे आम्ही एका चुकीमुळे वळलो, आणि ती चूक आमच्या हातून झाली होती.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फौंड्रीत रात्रपाळी चालू होती. साच्यात ओल राहिली होती. लोखंडाचा रस ओतताच तो उसळला आणि एका तरुण कामगाराचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. युनियनच्या कामासाठी आम्ही फाटकावर होतो. आरडाओरडा ऐकून आत धावलो. प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर टांगलेली होती. उघडली, तो आत एक गंजलेली कात्री, आयोडीनची वाळून गेलेली बाटली आणि कोणाचे तरी विड्यांचे बंडल! तेव्हा आम्हीच पुढारीपणाने सांगितले, "कँटीनमधून हळद आणा." आमच्या आजीने आमच्या प्रत्येक खरचटण्यावर हळद दाबली होती, आणि आजीचा शब्द आमच्या लेखी वेदवाक्य होता. ओंजळभर हळद त्या हातावर थापली, कोणाच्या तरी खांद्यावरचा पंचा वर गुंडाळला आणि रिक्षा करून रुग्णालय गाठले.

तेथल्या डॉक्टरबाईंनी पंचा सोडला आणि आमच्याकडे पाहिले. म्हणाल्या, "अहो दादा, भाजणे किती खोल आहे ते आम्ही कातडीच्या रंगावरून ओळखतो. तुम्ही तर सगळा हातच पिवळा करून आणलात. आधी वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली धरला असतात तर याचे निम्मे दुखणे वाचले असते." मग ती हळद धुऊन काढताना त्या पोराने जो आक्रोश केला तो आम्हाला अजून ऐकू येतो. पुढे कित्येक दिवस जखमेवरची जाळीदार पट्टी काढताना ती चिकटून येई, आणि तिच्याबरोबर नुकती धरू लागलेली कातडीही निघून येई. हात बरा झाला. मनगट मात्र पुरते वळत नाही. त्याची नुकसानभरपाई मिळवण्यासाठी आम्ही दोन वर्षे भांडलो. पण आमच्या हळदीची भरपाई कोणाकडे मागावयाची?

तेव्हापासून दोन प्रश्न आमच्या मनात घर करून राहिले. आजीची हळद खोटी होती काय? आणि रुग्णालयातली पट्टी शास्त्रीय असूनही ती जखमेची कातडी सोलून का काढीत होती? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो आज आपणापुढे मांडतो.

आपल्याकडील शल्यशास्त्राचा प्राचीन ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्यात जखम बांधण्याच्या साधनांची लांबलचक यादी आहे. क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचे वस्त्र, कापसाचे वस्त्र, लोकर, रेशीम, चामडे, झाडाची आतली साल, वेली, एवढेच काय, भोपळ्याच्या कवटीचे तुकडेसुद्धा तिच्यात आले आहेत. बंध चौदा प्रकारचे सांगितले आहेत. व्रणाच्या उपचारांचे साठ प्रकार दिले आहेत आणि त्यांत एकाचे नाव 'पत्रदान' असे आहे. कोरडेपणामुळे ज्या जखमा भरून येत नाहीत त्यांच्यावर पाने घालावी, असा त्याचा आशय. हा 'कोरडेपणा' आपण ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या ग्रंथात एखादी गोष्ट सापडली की आपल्यातील काही जण लगेच उभे राहून म्हणतात, सगळे शोध आमच्याकडे आधीच लागले होते. दुसरे काही जण तितक्याच तत्परतेने म्हणतात, ती सगळी जुनी भाकडकथा. या दोन्ही माणसांना पुस्तक उघडावयाचे नसते. सुश्रुताला जंतू ठाऊक नव्हते. परंतु जखमेकडे रोज डोळे उघडे ठेवून पाहणारा माणूस काय पाहू शकतो, ते त्या यादीत दिसते.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जखमेवर जुन्या कापडाच्या खरवडून काढलेल्या धाग्यांची लगदी घालीत. हे धागे काढण्याचे काम बायका, मुले, कैदी करीत. लगदी एका रोग्याची दुसऱ्याला लावली जाई आणि जखमा कुजत. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर याने गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची जखम कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्टीने बांधली, आणि ती न कुजता भरली. १८६७ साली त्याने आपले अनुभव प्रसिद्ध केले. जखमेवर जे काही घालावयाचे ते आधी जंतुरहित असले पाहिजे, हा धडा तेव्हापासून जगाने गिरवला. आमच्या ओंजळीतील हळद नेमकी याच धड्यात नापास झाली. पोत्यातून आलेली, उघड्या डब्यात ठेवलेली, दहा हातांनी हाताळलेली हळद कितीही गुणाची असली तरी ती निर्जंतुक नसते. तिच्यात आणखी काय मिसळलेले असेल याचाही नेम नसतो. बांगलादेशात हळदीचा रंग खुलवण्यासाठी शिशाचे विषारी पिवळे रंगद्रव्य मिसळत असत, हे २०१९ साली संशोधकांनी उघडकीस आणले.

लिस्टरनंतर कापसाचे युग आले. आपण शेतातून वेचून आणलेला कापूस पाण्यावर टाकला तर तो तरंगतो, कारण त्याच्या तंतूंवर मेणासारखा थर असतो. क्षाराच्या पाण्यात उकळून व विरंजित करून तो थर काढला की तोच कापूस पाणी शोषू लागतो. १८८० साली बर्मिंगहॅमचा शल्यविशारद सॅम्पसन गॅमजी याने असा शोषक कापूस जाळीदार कापडाच्या दोन थरांत घालून पट्टी तयार केली. आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढण्यास आरंभ केला, आणि त्यानंतरच्या शतकात आमच्या कोकणातल्या व देशावरच्या किती पिढ्या कापसावर जगल्या, हे आपणास ठाऊकच आहे. जो कापूस एकाची जखम झाकतो, त्याचीच धूळ पिंजणखात्यातल्या दुसऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसते. सुटीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळून येते, त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. पट्टीचा इतिहास सांगताना ती विणणाऱ्याला वगळले तर तो इतिहास अर्धाच होईल.

आता एक प्रकरण कामगारांचे स्वतःचे आहे. उत्तर जर्मनीत दलदलीच्या जमिनीतून पीट नावाचे इंधन खणतात. कुजत आलेल्या शेवाळाचा तो थर असतो. १८८० च्या सुमारास अशा एका खाणीवरील मजुराच्या हाताला मोठी जखम झाली. जवळ दुसरे काहीच नव्हते. सोबत्यांनी पायाखालचे पीट उचलून जखमेभोवती बांधले. दहा दिवसांनी तो शल्यविशारदाकडे पोहोचला, तेव्हा जखम चिघळण्याऐवजी बहुतेक भरून आली होती, अशी नोंद आहे. कील येथील डॉक्टर नॉयबर यांनी या गोष्टीकडे दुर्लक्ष केले नाही. त्यांनी पीटच्या पट्ट्या करून त्या रुग्णांवर वापरून पाहिल्या.

आम्हाला या प्रसंगात दोन माणसे सारख्याच मोलाची वाटतात. पहिला तो अनाम सोबती, ज्याने पायाखालची वस्तू उचलली. आणि दुसरा तो डॉक्टर, ज्याने मजुराच्या अडाणीपणाला हसण्याऐवजी त्याची परीक्षा घेतली. सोबत्याजवळ निरीक्षण होते, पण त्याचे नशीब चांगले होते हेही खरे. त्याच मातीतून धनुर्वातही आला असता. नशीब कोणते आणि गुण कोणता, हे वेगळे करून दाखवणे डॉक्टरचे काम होते.

पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. कापूस गणवेशाला हवा, स्फोटक दारूला हवा आणि जखमांनाही हवा. तुटवडा पडला. तेव्हा एडिंबरोचे शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि तेथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख आयझॅक बेली बाल्फोर यांनी वर्तमानपत्रातून लोकांना स्फॅग्नम नावाच्या शेवाळाची आठवण करून दिली. या शेवाळाच्या पानांत मोठमोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात आणि त्यांच्या भिंतींना भोके असतात. त्यामुळे ते आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी धरू शकते. कापूस पाच-सहापट धरतो. शिवाय ते आम्लधर्मी असल्याने पुष्कळशा जंतूंना तेथे वाढता येत नाही. स्कॉटलंड, आयर्लंड, डार्टमूर या भागांतील बायकामुलांनी दलदलीत गुडघाभर पाण्यात उभे राहून हे शेवाळ गोळा केले, वाळवले, त्यातल्या काड्या वेचल्या आणि मलमलीच्या पिशव्या भरल्या. युद्ध संपत आले तेव्हा ब्रिटनमधून महिन्याला दहा लाखांच्या घरात अशा पट्ट्या जात होत्या.

इतके गुण असताना हे शेवाळ मागे का पडले? युद्ध संपताच कापूस पुन्हा मुबलक झाला. कापसाची पट्टी यंत्रावर एकसारखी निघे, तर शेवाळ हातांनी निवडावे लागे, आणि फुकट राबणारे हात युद्धकाळातच मिळतात. वस्तू उत्तम असणे आणि वस्तू टिकणे यांत श्रमाचा हिशेब बसलेला असतो. हा हिशेब शास्त्राच्या पुस्तकात सहसा नसतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम सांगतो.

शेवाळाचेच दुसरे एक भावंड समुद्रात वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला खऱ्या वनस्पतींपासून निराळ्या गटात घालतात, परंतु आपल्या कामापुरते ते समुद्राचे गवतच. ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८१ साली तपकिरी समुद्रशैवालातून अल्जिन काढण्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यापासून धागा काढता येऊ लागला, आणि सैन्यातील डॉक्टर जॉर्ज ब्लेन यांनी त्याच्या पट्ट्या जखमांवर वापरल्या. या पट्टीत कॅल्शियम असते, तर जखमेतून झिरपणाऱ्या द्रवात सोडियम असते. दोहोंची अदलाबदल झाली की कोरडा धागा फुगून मऊ लुकलुकीत खळीसारखा होतो. तो जखमेला चिकटत नाही. शिवाय सुटलेले कॅल्शियम रक्त गोठण्यास मदत करते. येथे पट्टीच्या इतिहासाला एक नवे वळण मिळाले. तोपर्यंत पट्टी जखम झाकीत असे आणि टिपीत असे. आता ती जखमेशी देवाणघेवाण करू लागली. अशा वस्तूंना आज 'जैवसक्रिय' म्हणतात. शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे: अंगाच्या कामात जी हात लावते ती.

आता आमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जाळीदार कोरडी पट्टी कातडी का सोलून काढते? याचे उत्तर जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली दिले. डुकरांच्या कातडीवर सारख्या उथळ जखमा करून त्याने काही उघड्या ठेवल्या व काही पातळ पॉलिथिनने झाकल्या. झाकलेल्या, म्हणजे ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी सुमारे दुपटीने लवकर पसरली. कारण असे की नव्या कातडीच्या पेशींना कडेपासून मध्याकडे सरकत जावे लागते. जखम ओलसर असली तर त्या सपाट वाटेने चालतात. ती सुकून खपली धरली तर त्यांना खपलीखालून, खोलातून वाट काढावी लागते. जखमेला वारा लागू द्या, खपली धरली म्हणजे बरे झाले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आणि दवाखानेही सांगत आले. सुश्रुताच्या यादीतला 'कोरडेपणा' येथे पुन्हा भेटतो. सुश्रुताला विंटरचे कारण ठाऊक होते असे आम्ही म्हणणार नाही. पण दोघांनीही एकच गोष्ट पाहिली होती.

परंतु शास्त्राचा शोध लागणे निराळे आणि तो गरिबाच्या खाटेपर्यंत पोहोचणे निराळे. ओलावा धरून ठेवणाऱ्या परदेशी पट्ट्या आल्या, त्यांच्या किमती मात्र गिरणगावाला परवडणाऱ्या नव्हत्या. अशा वेळी परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉक्टर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले, त्याची हकीकत प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असावयास हवी. त्यांनी भाजलेल्या मुलांसाठी बटाट्याची साल निवडली. बटाटे उकडून साल काढावयाची, जाळीदार कापडावर पसरून तिची पट्टी करावयाची, ती वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावयाची आणि जखमेवर घालावयाची. १९८५ साली भाजण्यावरील उपचारांच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांनी आपला प्राथमिक अहवाल दिला, आणि १९९० साली जखमांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी व जंतूंची तपासणी प्रसिद्ध केली. सालीत काही चमत्कारिक औषध आहे यावर त्यांची भिस्त नव्हती. सालीचा बाहेरचा थर पाणी उडू देत नाही, त्यामुळे जखम सुकत नाही आणि भाजण्यातून वाचलेल्या पेशी जगतात, हा तिचा मुख्य गुण. शिवाय ती सोडवताना मूल किंचाळत नाही, हा गुण ज्याने ती किंचाळी ऐकली आहे त्याला सांगावा लागत नाही.

पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे धारावीच्या उशाशी, डॉक्टर माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी सिद्ध केली. २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने बटाट्याची साल आणि केळीचे पान यांची तुलना प्रसिद्ध केली. गुणाने दोन्ही सारख्या उतरल्या. पान मात्र तयार करण्यास सोपे आणि कित्येक पटींनी स्वस्त ठरले. कातडीचे रोपण करताना मांडीवरची जी कातडी काढतात, त्या जागेवरही त्यांनी पान घालून पाहिले आणि व्हॅसलीनच्या पट्टीशी तुलना केली, तेव्हा रुग्णांच्या वेदना पुष्कळ कमी झाल्या. केळीचे पान मेणचट आणि गुळगुळीत असते, चिकटत नाही, मोठे असते, बारमाही मिळते. आपण त्यावर जेवतो, त्यावर पूजा मांडतो. त्याचे नवल आपणास राहिलेले नव्हते. परंतु येथेही परसातले पान तोडून जखमेवर घातलेले नाही. ते निवडले, धुतले, निर्जंतुक केले, दुसऱ्या पट्टीशी मोजून पाहिले आणि मग त्याची ग्वाही दिली. आमची हळद आणि डॉक्टरबाईंचे पान यांत फरक आहे तो एवढाच, पण हा फरक एका माणसाच्या मनगटाएवढा आहे.

आता हळदीच्या खटल्याकडे येतो. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. म्हणजे आमच्या आजीने जे केले ते अमेरिकेत परवानगीवाचून करावयाचे नाही! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉक्टर रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि गिरगावात गरिबीत वाढलेले हे गृहस्थ हळदीची गोष्ट पुस्तकातून शिकले नसावेत. परिषदेने बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील उतारे होते आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने पेटंटातील सर्व दावे फेटाळले. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले, ते असे वाद पुन्हा उद्भवू नयेत म्हणून.

या विजयाचा आनंद आम्हालाही आहे. परंतु आम्ही कामगार न्यायालयात पुष्कळ निकाल वाचले आहेत, आणि निकालाने काय सिद्ध झाले व काय झाले नाही हे वेगळे वाचण्याची सवय त्यातून लागली आहे. या निकालाने एवढेच ठरले, की हळदीचा हा उपयोग नवा नाही, म्हणून त्याच्यावर कोणाचा मक्ता चालणार नाही. हळद जखमेवर किती गुणकारी आहे, कोणत्या मात्रेत, कोणत्या जखमेवर, हे त्याने ठरवले नाही आणि ते ठरवण्याचे ते ठिकाणही नव्हे. जुने म्हणजे सिद्ध, असा अर्थ जे काढतात ते आम्ही त्या रात्री केलेली चूकच पुन्हा करतात.

हळदीतील पिवळे द्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, १८१५ साली प्रथम वेगळे काढण्यात आले. ते दाह कमी करते हे प्रयोगशाळेत पुष्कळदा दिसले आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात लवकर बिघडते. म्हणून आज ठिकठिकाणचे संशोधक अल्जिनेटच्या खळीत, सेल्युलोजच्या जाळीत किंवा केसापेक्षा शेकडोपट बारीक तंतूंत ते बांधून, जखमेला थोडेथोडे पोचवण्याच्या खटपटीत आहेत. यांतल्या बहुतेक वस्तू अजून उंदरांच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. आणखी एक अडचण वनस्पतीच्या जातीतच आहे. एकाच रोपाचे गुण जमिनीप्रमाणे, हंगामाप्रमाणे, सुकवण्याच्या रीतीप्रमाणे बदलतात. गिरणीत जसा सुताचा नंबर ठरलेला असतो, तसा या अर्कांचा 'नंबर' ठरवावा लागतो. नाहीतर एका डबीने बरे वाटते आणि दुसरीने चिघळते.

ही परीक्षा पार करणारे एक उदाहरण सांगून आम्ही आवरते घेतो. युरोपात बर्च नावाचे झाड आहे. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्या भूर्जाचे ते भाऊबंद. त्याच्या सालीतील बेट्युलिन हे द्रव्य १७८८ साली शोधले गेले. त्या सालीच्या अर्काचे एक लेपन युरोपीय संघाने २०१६ साली भाजण्यासारख्या उथळ जखमांसाठी मान्य केले. पुढे कातडीला नुसत्या घर्षणाने फोड येतात अशा एका जन्मजात व्याधीसाठी त्याची चाचणी झाली. २२३ रुग्णांत काहींना खरे लेपन आणि काहींना अर्क नसलेले लेपन दिले. कोणाला कोणते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नाही. ४५ दिवसांत खऱ्या लेपनाने शंभरांपैकी सुमारे ४१ जणांची निवडलेली जखम भरली, तर दुसऱ्याने सुमारे २९ जणांची. त्यानंतर २०२२ साली युरोपात आणि २०२३ साली अमेरिकेत त्याला त्या व्याधीसाठी मान्यता मिळाली. शंभरांत बारांचा फरक! जाहिरातवाला या आकड्याला हसेल, पण प्रामाणिक आकडा असाच असतो. सालीचे द्रव्य सापडल्यापासून या मान्यतेपर्यंत दोन शतकांहून अधिक काळ गेला, आणि आज हे लेपन सामान्याच्या आवाक्यातले नाही, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा श्रोतेहो, या इतिहासातून आम्ही काय घ्यावयाचे? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, पायाखालच्या वस्तूकडे पाहणाऱ्या माणसाचा, मग तो पीट खणणारा मजूर असो की आमची आजी असो, अनादर करू नये. दुसरी, त्याने पाहिलेल्या गोष्टीची परीक्षा झाल्यावाचून ती दुसऱ्याच्या जखमेवर थापू नये. घरी भाजले तर नळाचे पाणी वीस मिनिटे आणि मग स्वच्छ झाकण घालून दवाखाना, एवढेच आपले काम. तिसरी, स्वस्त उपाय सापडला म्हणून खर्चाची जबाबदारी असलेल्यांना सुटका देऊ नये. केळीचे पान गरिबासाठी आहे, याचा अर्थ गरिबाला पानावर भागवावे असा नव्हे. ते पानही निर्जंतुक करणारे यंत्र, ते बांधणारी परिचारिका आणि तिला पुरेसा पगार, एवढे सगळे मिळून ती पट्टी होते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी ठेवण्याचे बंधन घातले होते. त्या रात्रीच्या फौंड्रीत पेटी होती. कायदा पाळला गेला होता. आम्ही आजही एखाद्या कारखान्यात सभेसाठी गेलो की भाषणाच्या आधी ती पेटी उघडून पाहतो. सुरुवातीला व्यवस्थापक रागावत, कामगार हसत. आता काही ठिकाणी आम्ही येणार हे कळताच पेटी आदल्या दिवशी भरून ठेवतात. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही. आमच्यासाठी का होईना, पण पेटीत स्वच्छ पट्टी असते, आणि हळदीचा डबा कँटीनमध्ये, आमटीच्या शेजारी, जेथे असावा तेथे असतो.